ध्रुवीय प्रकाशाचा उपासक

नॉर्वे देशाच्या उत्तर टोकास हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारी थोडा वेळ दक्षिणेकडे फिकट उजेड दिसतो आणि पुन्हा काळोख पसरतो. अशा दीर्घ रात्री आकाशात एकाएकी हिरवट प्रकाशाची कमान उभी राहते. पाहता पाहता ती हलू लागते. वाऱ्याने पडदा हेलकावावा तशा तिला चुण्या पडतात, कडेला तांबूस छटा उमटते, आणि काही वेळाने सारे मावळून जाते. यालाच ध्रुवीय प्रकाश असे म्हणतात.

त्या प्रदेशातील लोकांत या प्रकाशाविषयी नाना समजुती होत्या. तो दिसत असता शीळ घातली, तर तो खाली उतरून माणसास उचलून नेतो, असे मुलांना सांगत. विद्वानांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. हा प्रकाश कशाचा, तो किती उंचीवर असतो, हे कोणासही सांगता येत नव्हते. एक गोष्ट मात्र ठाऊक झाली होती. तापमापकामुळे ज्यांचे नाव आजही घेतले जाते, त्या सेल्सिअस यांनी व त्यांचे सहकारी ह्यॉर्टर यांनी १७४१ मध्ये स्वीडनमध्ये असे पाहिले, की ध्रुवीय प्रकाश झळकू लागला म्हणजे होकायंत्राची सुईही अस्वस्थ होते. आकाशातील प्रकाशाचा आणि मेजावरील सुईचा संबंध काय असावा? या प्रश्नाच्या पाठीमागे ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्यांचे नाव क्रिस्तियान बिर्केलँड.

क्रिस्तियानचा जन्म १३ डिसेंबर १८६७ रोजी नॉर्वेच्या राजधानीत झाला. त्या नगरीस तेव्हा क्रिस्तियानिया म्हणत. तिचे आजचे नाव ऑस्लो. शाळेत असताना त्याने स्वतःच्या पैशातून पहिली वस्तू विकत घेतली ती लोहचुंबक, आणि त्याच्या साहाय्याने तो शिक्षकांना व सोबत्यांना चकित करून सोडी, असे सांगतात. गणितात त्याची गती विलक्षण होती. वयाच्या अठराव्या वर्षीच त्याने आपला पहिला शास्त्रीय निबंध लिहिला. पुढे पॅरिसला थोर गणिती प्वँकारे यांच्याजवळ आणि जर्मनीत विद्युत्-लहरींचा शोध लावणाऱ्या हर्ट्झ यांच्याजवळ त्याने अभ्यास केला. १८९८ मध्ये, वयाच्या तिशीतच, तो क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला.

त्या काळी युरोपातील प्रयोगशाळांत ऋण किरणांची मोठी चर्चा होती. काचेच्या नळीतील बहुतेक हवा काढून टाकून तिच्यात विजेचा जोराचा दाब दिला, की नळीच्या एका टोकाकडून अदृश्य किरण निघतात आणि ते जेथे आदळतात तेथे काच चकाकू लागते. हे किरण म्हणजे इलेक्ट्रॉन नावाच्या अतिसूक्ष्म ऋणभारित कणांचा प्रवाह होय, हे पुढे १८९७ मध्ये सिद्ध झाले. बिर्केलँड यांनी या नळीजवळ प्रबळ लोहचुंबक आणून पाहिला. तेव्हा भिंगातून जाणारे सूर्यकिरण जसे एका बिंदूपाशी गोळा होतात, तसे हे किरण चुंबकाच्या ध्रुवाकडे ओढले जाऊन एकवटू लागले.

या साध्या प्रयोगावरून त्यांच्या मनात एक मोठी कल्पना आली. आपली पृथ्वी हाही एक प्रचंड लोहचुंबकच आहे. म्हणून तर होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते. सूर्यापासून असेच विद्युत्भारित कण निघत असतील, तर पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना आपल्या ध्रुवांकडे ओढून घेईल. ते वरच्या विरळ हवेवर आदळतील आणि ती हवा चकाकू लागेल. ध्रुवीय प्रकाश तो हाच. १८९६ मध्ये त्यांनी हा विचार जगापुढे मांडला.

कल्पना सुचणे वेगळे आणि ती पडताळून पाहणे वेगळे. बिर्केलँड प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. १८९९ च्या शरद ऋतूत ते आपल्या सहकाऱ्यांसह नॉर्वेच्या उत्तर भागातील हाल्डे नावाच्या पर्वतावर गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या त्या उघड्या शिखरावर त्यांनी दगडी घर बांधविले आणि तेथून सुमारे साडेतीन किलोमीटरवरील दुसऱ्या शिखरावरही तसेच घर उभे केले. दोन घरे कशासाठी? एक डोळा मिटून आपल्या अंगठ्याकडे पाहा. मग तो डोळा उघडून दुसरा मिटा. अंगठा बाजूस सरकल्यासारखा वाटतो. वस्तू जितकी जवळ, तितकी ती अधिक सरकते. दोन शिखरांवरून एकाच वेळी ध्रुवीय प्रकाश पाहिला, तर तो किती सरकतो यावरून त्याची उंची काढता येईल, असा तो बेत होता.

तो हिवाळा सोपा नव्हता. शिखरावर वादळी वारे थैमान घालीत. घराबाहेर पाऊल टाकणे कित्येक दिवस अशक्य होई. त्यातच एक दुःखद घटना घडली. हिमकडा कोसळून एका तरुण सहकाऱ्यास प्राण गमवावे लागले. बिर्केलँड यांच्या मनावर या आघाताचा खोल परिणाम झाला. उंची मोजण्याचा बेतही पुरता साधला नाही, कारण साडेतीन किलोमीटरचे अंतर फारच थोडे पडले. पण त्यातूनच एक गोष्ट कळली. ध्रुवीय प्रकाश डोंगरमाथ्यांना टेकत नाही, तो त्यांच्याहून कितीतरी उंच असतो. पुढे त्यांचेच सहकारी गणिती कार्ल स्टर्मर यांनी अधिक दूरच्या दोन ठिकाणांहून छायाचित्रे घेऊन दाखविले, की तो बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असतो.

आता बिर्केलँड यांनी सुईकडे लक्ष वळविले. वाहत्या विजेजवळ चुंबकसूची धरली तर ती वळते, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी १८२० मध्येच दाखविले होते. सुई किती आणि कोणत्या दिशेस वळली यावरून वीज कोठून व किती वाहत आहे, याचा अंदाज करता येतो. मग पृथ्वीवर एकाच वेळी ठिकठिकाणी सुया ठेवल्या, तर आकाशातील न दिसणाऱ्या विजेचा मागही काढता येईल! १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्यांनी चार ठाणी उभारली. एक नॉर्वेत, दुसरे आइसलँडमध्ये, तिसरे स्पिट्सबर्गन येथे आणि चौथे रशियाच्या उत्तरेस नोवाया झेम्ल्या या बर्फमय बेटावर. प्रत्येक ठिकाणी सुईला लहानसा आरसा जोडला होता. त्यावरून परावृत्त झालेला दिव्याचा किरण फिरत्या छायाचित्रणाच्या कागदावर पडे आणि सुईचा प्रत्येक कंप तेथे रेषेच्या रूपाने उमटे. याखेरीज जगातील इतर चुंबकीय वेधशाळांतील नोंदीही त्यांनी गोळा केल्या.

अशा वेधशाळा त्या वेळी अनेक देशांत होत्या. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत तर १८४१ पासून ही निरीक्षणे चालू होती, आणि १८५९ च्या सप्टेंबरात पृथ्वीवर जे फार मोठे चुंबकीय वादळ झाले त्याची नोंद तेथे उमटलेली आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या विजेने सुया बिघडू नयेत म्हणून हे काम अलिबागेस हलविण्यात आले. ट्रामच्या तारेतील वीज जर सुईस चळवू शकते, तर आकाशातील वीज का चळवू शकणार नाही?

सर्व रेषा एकत्र मांडून बिर्केलँड यांनी महिनोन् महिने आकडेमोड केली. त्यातून जे चित्र उभे राहिले ते थक्क करणारे होते. ध्रुवीय प्रकाश झळकत असता त्या उंच प्रदेशात दहा लाख अँपिअरपर्यंतचा विद्युत्प्रवाह वाहत असला पाहिजे, असा त्यांचा हिशेब निघाला. कपड्यांच्या विजेच्या इस्त्रीला चार-पाच अँपिअर प्रवाह पुरतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. मग हा प्रवाह येतो कोठून? बिर्केलँड यांचे उत्तर असे, की तो बाहेरच्या अवकाशातून पृथ्वीच्या चुंबकीय रेषांच्या वाटेने खाली उतरतो, काही अंतर आडवा वाहतो आणि पुन्हा तशाच वाटेने वर निघून जातो.

हे सारे करण्यास पैसा लागे, आणि तो कधीच पुरत नसे. पैसा उभा करावा म्हणून बिर्केलँड यांनी एक विजेची तोफ शोधून काढली. दारूऐवजी विद्युत्-चुंबकांच्या जोरावर तिच्यातून गोळा सुटावयाचा होता. १९०३ च्या फेब्रुवारीत विद्यापीठाच्या सभागृहात प्रतिष्ठित पाहुण्यांसमोर तिचे प्रात्यक्षिक झाले. कळ दाबताच प्रचंड कडकडाट झाला, तोफेच्या तोंडातून लखलखीत ज्वाळ बाहेर पडली आणि पाहुण्यांची पळापळ झाली. तोफेचा धंदा तेथेच संपला. पण ती ज्वाळ बिर्केलँड विसरले नाहीत.

एका आठवड्यानंतर एका भोजनप्रसंगी त्यांची साम आयडे नावाच्या अभियंत्याशी भेट झाली. आयडे यांना हवेतील नायट्रोजनपासून खत बनवावयाचे होते. त्या काळी शेतीसाठी लागणारा सोरा दक्षिण अमेरिकेतील चिली देशातून येई आणि तो साठा एक दिवस संपणार, ही चिंता सर्वांना होती. हवेत तर नायट्रोजनाचा साठा अमाप. परंतु तो ऑक्सिजनशी सहजासहजी संयोग पावत नाही. त्यासाठी आकाशातील विजेसारखी अतितप्त ज्वाळ हवी. बिर्केलँड यांच्यापाशी ती होतीच! चुंबकाच्या योगाने ती ज्वाळ थाळीसारखी पसरवून त्यांनी सुमारे ३००० अंश तापमानाची भट्टी तयार केली. नॉर्वेत धबधब्यांना तोटा नव्हता. त्यांच्यापासून स्वस्त वीज मिळाली. १९०५ मध्ये नोटोडेन या गावी कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी या कामासाठी मोठी कंपनी स्थापन झाली. पुढे याहून थोड्या विजेत होणारी दुसरी रीत निघाली व ही भट्टी मागे पडली. तरी काही वर्षे नॉर्वेच्या या खताने पुष्कळ शेते पिकविली. नोबेल पारितोषिकासाठी बिर्केलँड यांचे नाव अनेकदा सुचविले गेले. ते त्यांना मिळाले नाही.

या उद्योगातून मिळालेला पैसा त्यांनी आपल्या आवडत्या प्रश्नासाठीच वापरला. आकाशात जाऊन पाहणे तर शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी आकाशच प्रयोगशाळेत आणावयाचे ठरविले. जाड काचेच्या भिंतींची एक मोठी पेटी त्यांनी करविली. तिच्यातील हवा काढून घेता येई. तिच्या मध्यभागी धातूचा पोकळ गोल टांगला. हीच त्यांची छोटी पृथ्वी. गोलाच्या पोटात विद्युत्-चुंबक होता आणि वरून किरण पडताच चकाकणारा लेप दिलेला होता. पेटीच्या एका बाजूने ऋण किरण सोडले, की ते सूर्यकिरणांच्या जागी आहेत असे समजावयाचे. खोलीत अंधार करून चुंबक चालू केला म्हणजे त्या छोट्या पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची दोन वलये उमटत. खरा ध्रुवीय प्रकाशही नेमका ध्रुवावर नव्हे, तर ध्रुवाभोवतीच्या पट्ट्यातच अधिक दिसतो. अशा अनेक पेट्या त्यांनी बांधल्या. शेवटची सर्वांत मोठी पेटी सुमारे १००० लिटरची होती. आपल्या मोहिमेचा व या प्रयोगांचा वृत्तांत त्यांनी १९०८ आणि १९१३ मध्ये एका मोठ्या ग्रंथाच्या दोन भागांत प्रसिद्ध केला.

बिर्केलँड यांचे सर्वच तर्क खरे ठरले असे नाही. सूर्याकडून आलेले कण सरळ ध्रुवांवर उतरतात असे त्यांना वाटे. वस्तुतः त्यांची वाट बरीच आडवळणाची आहे. केवळ ऋणभारित कणांचा झोत सूर्यापासून पृथ्वीपर्यंत टिकणार नाही, कारण सारखा भार असलेले कण एकमेकांस दूर लोटतात, असा आक्षेप निघाला आणि तो योग्यच होता. बिर्केलँड यांनी त्यावर विचार केला आणि सूर्यापासून ऋण व धन असे दोन्ही प्रकारचे कण निघत असावेत, असे मत मांडले. आज ज्यास सौरवात म्हणतात, त्याचे हे पहिले स्पष्ट वर्णन म्हणता येईल.

अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली होती. श्रवणशक्ती मंदावली होती, रात्री झोप येत नसे व त्यासाठी औषध घ्यावे लागे. घरसंसारही टिकला नाही. १९१३ च्या अखेरीस ते मिसर देशात राहावयास गेले. तेथील निरभ्र आकाशात पहाटेपूर्वी व सूर्यास्तानंतर जो मंद राशिचक्रीय प्रकाश दिसतो, त्याचा अभ्यास त्यांना करावयाचा होता. लवकरच पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१७ मध्ये मायदेशी परतावे असे त्यांनी ठरविले. परंतु युद्धामुळे जवळची वाट धोक्याची होती, म्हणून ते जपानमार्गे निघाले. तोक्यो येथे त्यांचे परिचित पदार्थवैज्ञानिक तेरादा होते. तेथेच १५ जून १९१७ रोजी सकाळी ते आपल्या हॉटेलातील खोलीत मृतावस्थेत आढळले. झोपेच्या औषधाचे प्रमाण फार अधिक झाले होते. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे ४९ वर्षांचे होते.

त्यांच्या मागे त्यांच्या सिद्धांताची बाजू उचलून धरणारे फार थोडे उरले. इंग्लंडचे सिडनी चॅपमन या विषयातील मोठे अधिकारी होते. वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे हवेचे कण विद्युत्भारित होतात. या थरास आयनांबर म्हणतात आणि दूरची नभोवाणी ऐकू येते ती त्याच्याच कृपेने. चॅपमन यांचे म्हणणे असे, की ध्रुवीय प्रदेशातील सारा विद्युत्प्रवाह या आयनांबरातच वाहतो आणि तेथेच त्याचे चक्र पूर्ण होते. बाहेरून काही येत नाही व बाहेर काही जात नाही. स्वीडनचे हानेस आल्फव्हेन मात्र बिर्केलँड यांची बाजू घेत. चॅपमन यांचे गणित उत्तम होते, त्यामुळे बहुतेकांनी त्यांनाच मानले.

खरी अडचण अशी होती, की जमिनीवरील सुयांनी हा वाद मिटणे शक्यच नव्हते. प्रवाह वरून खाली उतरत असोत किंवा आयनांबरातच फिरत असोत, जमिनीवरील सुई दोन्ही वेळा सारखीच वळते, असे गणितानेच दाखविले होते. दोहोंतील फरक पाहावयाचा, तर सुई आयनांबराच्या वर नेली पाहिजे. आणि तेथे नेणार कोण?

पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ मध्ये सुटला. १९६३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या नौदलाने एक लहानसा उपग्रह सोडला. तो सुमारे ११०० किलोमीटर उंचीवरून, म्हणजे आयनांबराच्या दाट थरांच्या पुष्कळ वरून, दोन्ही ध्रुवांवर फिरत असे आणि त्याच्यावर चुंबकत्व मोजण्याचे उपकरण होते. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावर आला, की त्या उपकरणाची नोंद प्रत्येक वेळी एकदम आडव्या दिशेने झुके आणि पट्टा ओलांडताच पूर्ववत् होई. १९६६ मध्ये शास्त्रज्ञांनी या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांना त्या एक प्रकारच्या लहरी वाटल्या. पुढील वर्षी दुसऱ्या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की या लहरी नव्हत. उपग्रह दर फेरीस चुंबकीय रेषांच्या वाटेने वाहणाऱ्या विजेच्या पडद्यातून जात होता. बिर्केलँड यांच्या मृत्यूस तेव्हा बरोबर ५० वर्षे झाली होती.

१९७२ मध्ये सुटलेल्या ट्रायड या उपग्रहाने हे प्रवाह कोणत्या बाजूस खाली उतरतात व कोणत्या बाजूस वर जातात, याचा नकाशाच मिळवून दिला. १९८१ मध्ये सोडलेल्या दुसऱ्या एका अमेरिकन उपग्रहाने फार उंचावरून पृथ्वीची चित्रे घेतली. त्यांत ध्रुवाभोवतीचे संपूर्ण प्रकाशवलय एकाच दृष्टिक्षेपात दिसले; बिर्केलँड यांच्या काचेच्या पेटीत दिसत असे तसेच. १९९४ मध्ये नॉर्वेने आपल्या २०० क्रोनरच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

२२ नोव्हेंबर २०१३ रोजी युरोपीय देशांच्या अवकाश संस्थेने स्वार्म नावाचे तीन उपग्रह एकदम सोडले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि आयनांबर यांचा अभ्यास हेच त्यांचे काम. त्यांपैकी दोन सुमारे ४६० किलोमीटर उंचीवर जवळजवळ जोडीने आणि तिसरा त्यांच्याहून काहीसा वर, असे ते ध्रुवांवरून फिरू लागले. प्रवाह एकाच उपग्रहाने मोजला तर तो जागा बदलतो आहे की त्याचा जोर बदलतो आहे, हे नीट कळत नाही. दोन उपग्रह शेजारून गेले म्हणजे ते कळते. हाल्डेच्या दोन शिखरांवर दोन दगडी घरे बांधण्यामागेही अशीच युक्ती होती. स्वार्मने ज्या प्रवाहांची मोजणी केली, त्यांना सर्व देशांतील शास्त्रज्ञ आता बिर्केलँड प्रवाह या नावाने ओळखतात.